वाकड्या मागाचा दिवा

माझं लग्न एका दिव्यावर अडलं होतं. देवापुढच्या नव्हे, गाडीतल्या. शर्टाच्या बटणाएवढा पिवळा दिवा, स्टिअरिंगच्या मागे बसलेला, त्यावर गाडीचं चित्र आणि गाडीच्या मागे दोन वाकड्यातिकड्या रेघा. हा पेटला तर लग्न नाही, नाही पेटला तर तारीख काढायची. अशी अट घालणारा माणूस अख्ख्या रत्नागिरीत एकच असेल आणि तो नेमका माझ्या वाट्याला बाप म्हणून आलाय.

बाबांना सगळा मिरकरवाडा दाजी म्हणतो, म्हणून मीही दाजीच म्हणते. पस्तीस वर्षं त्यांनी मासेमारीच्या बोटीवर तांडेलकी केली. तांडेल म्हणजे बोटीचा मालक नव्हे, पण बोट बंदरातून सुटली की मालकालाही ज्याच्यापुढे तोंड उघडता येत नाही, तो. गेल्या वर्षी गुडघा मोडला आणि ते घरी बसले, म्हणजे आमच्या उरावर बसले. मी त्यांची एकुलती एक अक्षया. वय एकोणतीस, धंदा पिकअप चालवणे. पहाटे बंदरावर मासे आणि बर्फ भरायचा आणि आरे-वारेच्या रस्त्यानं गणपतीपुळे, मालगुंडच्या हॉटेलांना पोचवायचा. बायकांनी पिकअप चालवू नये असं पहिल्या वर्षी मला बऱ्याच जणांनी समजावून सांगितलं. ते सगळे आता वळणावर मला बाजू देतात.

सर्वेश मालगुंडचा, आमच्या ठमाआत्याच्या शेजारचा. मालवाहू जहाजावर इंजिनिअर आहे. सहा महिने पाण्यावर, चार महिने जमिनीवर, आणि जमिनीवर असला की बहुतेक वेळ कुणाच्या तरी गाडीखाली. माझ्या पिकअपचा चाकावरचा स्प्रिंगचा पाटा आत्याच्या दारात तुटला तेव्हा तो असाच गाडीखाली शिरला. वरून मासळीचं पाणी ठिबकत होतं. तासाभरानं बाहेर आला तेव्हा त्याच्या केसांना बांगड्याचा वास येत होता आणि तो मला पाट्याचं पोलाद कसं थकतं हे सांगत होता. नाक मुरडलं नाही, वासाबद्दल एक शब्द नाही. मला तिथंच आवडला.

दाजींना नाही आवडला. "इंजिनरूममधला मानूस तो," ते म्हणाले. "बोट कुठं चाल्लीय ता ज्याला दिसत नाय, त्याच्या हातात पोरगी द्यायची?"

आणि मग सर्वेशनं नवी गाडी घेतली. चारही चाकांना इंजिनाची ताकद पोचते अशी. ती आमच्या दारात लावली आणि दाजींना ती समजावून सांगायची चूक केली.

"दाजी, साध्या गाडीत दोनच चाकं ओढतात," तो म्हणाला. "हिच्यात चारही. चिखलात एखादं चाक नुसतं फिरायला लागलं, तर ताकद बाकीच्या चाकांकडे जाते."

"म्हंजे चार वल्ही."

"हां, अगदी बरोबर!"

"चार वल्ही मारली म्हनून होडी लवकर थांबते काय?"

सर्वेश म्हणाला, "नाही. थांबायला तिचा काही उपयोग नाही. थांबवतात ते ब्रेक आणि टायर."

"आनि वळायला?"

"वळणातून बाहेर पडताना होतो उपयोग. पण आत शिरतानाच वेग जास्त असेल, तर हीसुद्धा सरळच जाणार. उलट चार चाकं ओढतात म्हणून माणूस जरा जास्तच भरवशानं शिरतो."

"म्हंजे निघायला शूर. बाकी समद्या गाड्यांसारखीच."

दुसरा कुणी असता तर तोंड पाडून बसला असता. सर्वेशचा चेहरा मात्र उजळला, कारण महिनाभरात पहिल्यांदाच त्याची गाडी कुणाला तरी खरोखर कळली होती. त्या आनंदात तो आणखी खोलात शिरला. "म्हणून तर हिच्यात अजून एक सोय आहे. तुम्ही स्टिअरिंग किती वळवलंय आणि गाडी प्रत्यक्षात किती वळतेय, हे एक कॉम्प्युटर सारखं ताडून बघतो. दोन्ही जुळलं नाही की तो इंजिन दमानं घेतो आणि एकाच चाकाचा ब्रेक दाबतो. नाक बाहेर चाललं तर आतल्या बाजूचं मागचं चाक. शेपूट बाहेर निघाली तर बाहेरच्या बाजूचं पुढचं."

दाजींनी हवेतच वल्हं धरलं. "एका बाजूचं वल्हं पान्यात रोवून धरायचं. होडी त्या बाजूला फिरते. आम्ही बारा वर्षांचे होतो तेव्हापासून करतो."

"तेच! फक्त हा सेकंदात कितीतरी वेळा करतो. आणि करत असला की हा दिवा लुकलुकतो."

दाजी काठी टेकत वाकले, दिव्यावरचं चित्र जवळून पाहिलं आणि एकदम सरळ झाले. "हा माग हाय," ते म्हणाले. "वाकडा माग."

आता हे सांगायला हवं. बोट पुढे गेली की मागे पाण्यावर पांढरी रेघ उरते, तिला आमच्याकडे माग म्हणतात. दाजींच्या हातात पहिल्यांदा सुकाणू दिलं तेव्हा त्यांचा मामा पुढे तोंड करून बसलाच नाही. तीन तास बोटीच्या मागच्या पाण्याकडे बघत राहिला. माग सरळ उमटला तर तांडेल, वाकडा उमटला तर परत जाळी ओढायला. आमच्या घरात याहून मोठी शिवी नाही. माझ्या रांगोळीला, घावनांना आणि दहावीच्या गणिताला ती मिळालेली आहे.

"रविवारी ठमीकडं जाऊ," दाजींनी जाहीर केलं. "आरे-वारेनं. मी मागं बसनार. हा दिवा एकदाबी पेटला नाय, तर तारीख काढा. पेटला, तर तू आपला जहाजावर जा आनि खालीच बस."

"चालेल," सर्वेश म्हणाला. असा राग आला मला! अरे, मला विचार तरी.

त्या संध्याकाळी मी त्याला गाडीपाशी गाठलं. "हा दिवा बंद करता येत नाही?"

"बटण आहे. पण मग दुसरा दिवा लागतो, ही सोय बंद आहे असं सांगणारा. आणि मुख्य म्हणजे गाडी घसरली तर सावरायला कुणी नाही. ऐन गरजेच्या वळणावर ती सोय नसेल."

"मग वर काळी टेप लावू. एवढीशी."

"आणि दाजींनी विचारलं, इथे टेप का आहे, तर?"

"तर सांगू, दिवा डोळ्यावर येतो."

तो हसला. "अक्षया, दिवा पेटला तर चूक माझीच असेल. वेग जास्त, नाहीतर नजर कमी. टेप लावून ती चूक जाते का?"

 टेप मी खिशातून काढली होतीच, ती तशीच परत खिशात ठेवली. आणि मला एकदम आमच्या घरातलं सोमवारचं गाऱ्हाणं आठवलं.

दाजींचा गुडघा मोडला तो आरे-वारेच्या घाटातल्या वळणावर. ठमाआत्याकडून स्कूटरनं परत येत होते. वळणावर मासळीचं पाणी सांडलेलं होतं. बर्फ वितळून त्यात माशांचा बुळबुळीत रस मिसळला की जे पाणी होतं, ते तेलाला लाजवतं. स्कूटर एकीकडे, दाजी दुसरीकडे. बोटीवरचं काम सुटलं ते त्या दिवशी. ज्या पिकअपवाल्यानं पाणी सांडलं तो काही सापडला नाही. तेव्हापासून दर सोमवारी दिवेलागणीला दाजी देवापुढे हात जोडून गाऱ्हाणं घालतात आणि मी आणि आईनं, रीतीप्रमाणे, मागून होकार द्यायचा.

"बा देवा म्हाराजा! ज्या कुनी मेल्यानं वळनावर पानी सांडून मला घरी बसवला, त्याच्या गाडीची चारी चाकं चार दिशेला जाऊं देत!"

"व्हय म्हाराजा," आई.

"त्याच्या बर्फाचं बंदरावरच पानी होऊं दे!"

"व्हय म्हाराजा."

"त्याच्या जिभेला सुरमयची चव कळू नको दे! आनि त्याच्या दारात सनई वाजू नको दे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," मी. सगळ्यांत हळू.

कारण त्या दिवशी पहाटे मीही तिथं पाणी सोडलं होतं. आम्ही सगळेच सोडायचो. पिकअपच्या हौद्यात बर्फाचं पाणी साठतं आणि वळणात ते एका बाजूला धावतं, गाडीची शेपूट घेऊन धावतं. माझ्या गाडीला ना चार चाकांची ताकद, ना कॉम्प्युटर. वळणं सुरू व्हायच्या आधी खालचं बूच काढायचं, पाणी सोडून द्यायचं, मग गाडी शहाण्यासारखी वळते. एवढीच आमची सोय. ते पाणी नेमकं माझंच होतं की दुसऱ्या कुणाचं, मला माहीत नाही. पण त्या दिवशी माझ्याकडे बांगडा होता आणि दवाखान्यात दाजींच्या लेंग्याला बांगड्याचाच वास येत होता.

त्यानंतर मी जागा बदलली. वळणाच्या दीडशे पावलं वर, सरळ रस्त्यावर बूच काढायला लागले. पाणी उताराला वाहतं हे मला कळत नव्हतं असं नाही. मी फक्त तिकडे बघत नव्हते. मधल्या काळात माझी दोन स्थळं मोडली, एक गुहागरचं आणि एक लोटे एमआयडीसीच्या कंपनीत शिफ्टला जाणारं. आई म्हणाली, दृष्ट लागली. मला माहीत होतं, दृष्ट नव्हे, गाऱ्हाणं. आणि त्याला होकार मीच दिलेला.

रविवारी पहाटे मी नेहमीसारखी फेरी मारली, आठला घरी आले, आंघोळ केली, केसांतून मासळीचा वास जाईपर्यंत शिकेकाई घासली आणि आत्यानं दिलेली आंबा रंगाची साडी नेसले. सप्टेंबर होता, बारीक झिमझिम होती. दहाला निघालो. दाजी मागच्या सीटवर मधोमध, दोन सीटांच्या फटीतून मान पुढे काढून. त्यांनी ना रस्ता पाहिला, ना समुद्र. नजर दिव्यावर.

सर्वेशचे कान लाल झाले होते, पण हात शांत होते. साखरतरचा पूल गेला, काळबादेवी गेली. प्रत्येक वळणाआधी तो वेग पुरता उतरवायचा, मग वळवायचा, आणि रस्ता सरळ दिसायला लागल्यावरच हलकेच पाय दाबायचा. गाडी अशी निघायची की कुणी हात धरून उठवल्यासारखं वाटावं. पर्यटकांची एक गाडी हॉर्न वाजवत आम्हाला मागे टाकून गेली. सर्वेशनं जाऊ दिली.

"पोरगा वळनाच्या आधी वेग मोडतो," दाजी मागून म्हणाले. "वळनात नाय मोडत."

हे कौतुक होतं! पस्तीस वर्षांत त्यांच्या खलाशांना असं वाक्य दोनदा मिळालं असेल. मी खिडकीकडे तोंड करून हसून घेतलं. आरे मागे पडलं, घाट लागला, चढ संपला आणि तो सरळ रस्ता आला.

आणि मला आठवलं. आज पहाटे. सवयीनं. बूच. रस्त्यावरून एक चकचकीत पट्टा वळणाकडे उतरत गेलेला मला दिसत होता. झिमझिम पावसात तो दुसऱ्या कुणाला दिसला नसता. मला 'सर्वेश, हळू' एवढंच म्हणायचं होतं. पण दाजींनी लगेच विचारलं असतं, तुला कसं ठाऊक? मी तोंड उघडलं आणि मिटलं.

गाडी वळली, म्हणजे स्टिअरिंग वळलं. नाक तसंच सरळ, कठड्याच्या दिशेनं निघालं, वीतभर, मग हातभर. पायाखाली कर्र असा आवाज झाला, कुणीतरी आतल्या बाजूचं चाक पकडून ठेवल्यासारखी गाडी फिरली आणि पुन्हा आपल्या वाटेला लागली. घाबरायलाही वेळ मिळाला नाही. दिवा तीनदा लुकलुकला आणि विझला.

"पेटला," दाजी म्हणाले.

सर्वेशनं पुढे रुंद जागा बघून गाडी बाजूला घेतली. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "हो. पेटला," तो म्हणाला. "रस्ता निसरडा आहे हे ओळखायचं काम चालवणाऱ्याचं. मी नाही ओळखलं. तुमचं बरोबर, दाजी."

एका शब्दानं कुरकुर नाही. कॉम्प्युटरला दोष नाही, पावसाला नाही, रस्त्याला नाही. मला त्याचा इतका राग आला, इतका राग आला, की मी दार उघडून खाली उतरले. राग त्याचा नव्हता हे उतरल्यावर कळलं.

"दाजी, ते पाणी माझं आहे," मी म्हणाले.

"कसलं पानी?"

"वळणावरचं. मासळीचं. मी आज पहाटे सोडलंय. रोजच सोडते." मग पुढचंही सांगून टाकलं. "गेल्या वर्षी तुम्ही पडलात त्या दिवशीही सोडलं होतं. बांगडा होता माझ्याकडे."

दाजी काठी घेऊन उतरले आणि वळणाकडे चालू लागले. सर्वेश धावत पुढे गेला आणि येणाऱ्या गाड्यांना हात दाखवत उभा राहिला. वळणावर दाजी मोडक्या गुडघ्यावर मोठ्या कष्टानं वाकले, रस्त्याला बोट लावलं आणि नाकाशी नेलं.

"बांगडा," ते म्हणाले.

मी मागे उभी. मला वाटलं, आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"कशाला सोडतंस?" त्यांनी विचारलं. आवाज बापाचा नव्हता, तांडेलाचा होता.

"हौद्यात हिंदकळतं. वळणात शेपूट ओढतं."

त्यांनी मान हलवली. "बोटीत पानी भरलं की तेच करतं. उपसायलाच पायजे." मग माझ्याकडे बघितलं. "पन दुसऱ्याच्या वाटेवर नाय गो, बाय."

बस, एवढंच. वर्षभर मी ज्या वाक्याला घाबरत होते ते एवढंच होतं आणि त्यानं मी हुंदके देऊन रडले. आंबा रंगाची साडी, हातात बांगड्या, आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहून भोकाड.

"रडून रस्ता धुवायचास काय?" दाजी म्हणाले. "बादली आन."

घाटाच्या माथ्यावर काशीचं चहाचं दुकान आहे. तिच्याकडून दोन बादल्या, खराटा आणि कपड्यांच्या साबणाची पूड आणली. सर्वेशनं वळणाच्या दोन्ही अंगांना झाडाच्या फांद्या टाकल्या, गाडीचे दिवे लुकलुकत ठेवले, आणि आम्ही वळण धुवायला घेतलं. मी खराटा मारत होते, सर्वेश बादल्या ओढत होता, दाजी कठड्यावर बसून काठीनं दाखवत होते, हितं ऱ्हायला, तितं ऱ्हायला. पर्यटक थांबून आमचे फोटो काढत होते. एका बाईनं विचारलं, ही इथली काही पूजा असते का? दाजी म्हणाले, "व्हय. वर्षातनं एकदा."

रस्ता स्वच्छ झाला. सर्वेशनं चपलेची टाच दोनदा घासून बघितली आणि मान डोलावली. दाजींनी त्याला जवळ बोलावलं.

"दिवा तुझा नव्हता," ते म्हणाले. "तू पास. पन एक बोलतो, ऐकून घे. तुझी गाडी चुकली की तिथल्या तिथं दिवा लावते. माझ्या पोरीला वर्ष लागलं. बघ बाबा, चालेल काय?"

सर्वेशनं माझ्याकडे बघितलं. माझ्या नाकाला साबणाचा फेस लागलेला होता. "उशिरा का होईना, पेटला ना," तो म्हणाला. "आणि टेप तिच्या खिशातच राहिली."

"कसली टेप?" दाजींनी विचारलं. सर्वेशनं घाईनं रिकामी बादली उचलली.

दाजी काठीवर जोर देऊन उठले. समुद्राकडे तोंड केलं, चपला काढल्या आणि हात जोडले. मला कळलं काय होणार ते. सर्वेशला काही कळलं नाही, तरी त्यानंही चपला काढल्या.

"बा देवा म्हाराजा!" दाजी म्हणाले. "वर्षभर तुझ्याकडं ज्या कुनाचं वायट मागितलं, तो मेला आज घावला म्हाराजा. माझ्याच घरात हुता. त्याच्या गाडीची चाकं होती तिथंच ऱ्हाऊं देत!"

मी पदरानं नाकावरचा फेस पुसत होते. दाजींनी मागे वळून बघितलं. "अगो, बोल!"

"व्हय म्हाराजा."

"बर्फाचं पानी व्हायचं ता होऊं दे, पन ता पानी डब्यात भरून परत बंदरावर न्यायची बुद्धी दे!"

"व्हय म्हाराजा."

"आनि ती सनईची गोष्ट..." दाजी अडखळले.  पन्नासेक गाऱ्हाणी त्यांच्या डोळ्यांपुढून गेली असावीत, त्यांनी स्वतःच्या तोंडानं मागितलेली, माझ्यासाठी. "ती माझी चूक झाली, म्हाराजा. ती आदी माघारी घे. आजच्या आज घे."

"व्हय म्हाराजा!" सर्वेश मध्येच ओरडला. त्याला रीत माहीत नव्हती, पण वेळ बरोबर साधली.

वर्षभर मी हा होकार सगळ्यांत हळू देत आले होते. त्या दिवशी असा दिला की फोटो काढणाऱ्या बाईच्या हातातून मोबाईल निसटला आणि मालगुंडात ठमाआत्यालाही ऐकू गेला असेल.